पौर्णिमेच्या दिवशी अंकोरवाट: ठाण्यातील एका अभ्यास सहलीचे प्रकरण

ठाणे शहरातील वास्तुरचनेच्या एका महाविद्यालयाने तिसऱ्या वर्षाच्या ३८ विद्यार्थ्यांची अभ्यास सहल दिवाळीनंतर थायलंड आणि कंबोडियाला नेली. सहा दिवसांच्या या सहलीत कंबोडियातील अंकोरवाट या प्राचीन मंदिरासाठी राखलेला दिवस एकच होता, आणि नेमका त्याच दिवशी मंदिराचा सर्वांत वरचा भाग, ज्याला तेथे बाकान म्हणतात, बंद निघाला. सोबतच्या तीन शिक्षकांपैकी मी एक होतो आणि त्या दिवसाचे वेळापत्रक मीच आखले होते. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे ज्या चुकीची चर्चा आहे तिच्यात मोठा वाटा माझा आहे. महाविद्यालयाच्या सहल समितीपुढे मी जे निवेदन ठेवले, त्याचेच हे विस्तारित रूप आहे.

बाकानचा आग्रह कशासाठी

अंकोरवाटला जाणाऱ्या पुष्कळ प्रवाशांना बाकान चढता आले नाही तरी फारसे बिघडत नाही. आमचे बिघडत होते, आणि त्याचे कारण अंबरनाथ होते. सहलीच्या आधीच्या सत्रात याच विद्यार्थ्यांनी अंबरनाथच्या शिवमंदिराची मोजमापे घेऊन रेखाटने केली होती. शिलाहारांच्या काळातील या मंदिरात शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख आहे. कंबोडियाचा ख्मेर राजा दुसरा सूर्यवर्मन राज्यावर आला तो १११३ मध्ये आणि अंकोरवाट त्याच्या कारकिर्दीत उभे राहिले. दोन्ही वास्तूंमध्ये अंतर जेमतेम दोन पिढ्यांचे आहे, पण गाभाऱ्याकडे जाण्याची कल्पना मात्र अगदी उलट आहे. अंबरनाथला मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. अंकोरवाटला एकावर एक चढत जाणाऱ्या तीन टप्प्यांनंतर, जवळजवळ शिडीसारख्या उभ्या पायऱ्यांवरून मधल्या शिखराच्या तळाशी पोहोचता येते, आणि ते शिखर जमिनीपासून सुमारे ६५ मीटर उंच आहे. एका वास्तूत देवाकडे उतरायचे आणि दुसरीत चढायचे, हा फरक दोन उभ्या छेदांत, म्हणजे वास्तू उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या रेखाटनांत, एकाच प्रमाणात काढून दाखवायचा, असे काम आठ विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे दिले होते. उरलेल्या तीस जणांकडे शिल्पपट, खंदक व पाण्याची व्यवस्था आणि दगडकाम असे विषय होते, आणि त्यांपैकी कोणाचेही काम बाकानवर अडणारे नव्हते.

नियोजन

सहल कंपनी ठाण्याचीच होती. तिने दोन प्रकारचे दर दिले होते. अंकोरचे, म्हणजे अंकोरवाटसह तिथल्या मंदिरांच्या परिसराचे, एका दिवसाचे तिकीट ३७ डॉलरचे असते आणि तीन दिवसांचे ६२ डॉलरचे. तीन दिवसांच्या तिकिटावर दहा दिवसांच्या मुदतीत कोणतेही तीन दिवस जाता येते. आम्ही अंकोरजवळच्या सिएम रीप शहरात दोन रात्री राहणार होतो, पण अंकोरला पूर्ण दिवस एकच देणार होतो, त्यामुळे माणशी २५ डॉलर आणि ४१ जणांमागे १०२५ डॉलर वाचवणे सर्वांनाच शहाणपणाचे वाटले. पालकांच्या खिशाचा विचार करता तो निर्णय तेव्हा चूक नव्हता आणि आजही मी त्याला चूक म्हणणार नाही. पण या निर्णयामुळे दिवसाची अदलाबदल करण्याची सारी मोकळीक संपली, हे त्या दहा मिनिटांच्या बैठकीत एकाही सदस्याने बोलून दाखवले नाही.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बाकान बौद्ध पवित्र दिवशी बंद असते, आणि हे दिवस चांद्रमासाप्रमाणे येतात. दोन्ही पक्षांतली अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या, असे महिन्याला चार दिवस. ख्मेर भाषेत त्यांना शीलाचे दिवस म्हणतात, आणि यातले ‘शील’ आपल्या परिचयाचेच आहे. आमचा अंकोरचा दिवस कार्तिक पौर्णिमेचा होता. त्याच पौर्णिमेच्या आसपास कंबोडियात तीन दिवसांचा जलोत्सव असतो, कारण पावसाळ्यात उलटी वाहून मोठ्या सरोवरात शिरणारी तोन्ले साप नदी या सुमारास पुन्हा समुद्राच्या दिशेने वाहू लागते. उत्सवात नद्यांवर नौकांच्या शर्यती होतात आणि सार्वजनिक सुट्टी असते.

आता यातले कोणाला काय ठाऊक होते ते पाहू. सहल कंपनीने पाठवलेल्या कागदावर त्या तारखेसमोर ‘स्थानिक सण, गर्दीची शक्यता’ असे स्वच्छ लिहिले होते. माझ्या टिपणात ‘बाकान, सकाळी आठ ते साडेनऊ, खांदे व गुडघे झाकलेले असावेत, एका वेळी शंभरच माणसांना वर सोडतात’ एवढे तपशीलवार लिहिलेले होते, आणि पवित्र दिवशी ते बंद असते ही ओळही मी वाचलेली होती. एका विद्यार्थिनीच्या आजीने निघताना नातीला ऐकवले होते की त्रिपुरी पौर्णिमेला घरात त्रिपुर वाती लावायला कोणी नाही. कंपनीला सण ठाऊक होता, मला नियम ठाऊक होता आणि आजींना तिथी ठाऊक होती. तिन्ही गोष्टी एकाच कागदावर मात्र कधी आल्या नाहीत. स्टाफरूमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात पूर्ण चंद्र छापलेला होता आणि मी रोज तिच्याखाली बसून चहा घेत होतो.

येथे एक खुलासा हवा. आपली तिथी आणि तिथला पवित्र दिवस यांत कधी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून आपल्या दिनदर्शिकेवर विसंबून तिकिटे काढावीत असे मी सुचवत नाही. तिने शंका निर्माण केली असती आणि एका फोनवर खात्री करून घेता आली असती, एवढेच माझे म्हणणे आहे.

तो दिवस

आदल्या संध्याकाळी पाच वाजल्यानंतर आम्ही तिकीट केंद्रावर गेलो. त्या वेळी काढलेले तिकीट दुसऱ्या दिवसाचे मिळते. प्रत्येकाचा फोटो तेथेच काढून तिकिटावर छापतात, त्यामुळे एकाचे तिकीट दुसऱ्याला वापरता येत नाही. पहाटे पाचला आम्ही खंदकावरच्या मार्गाने आत गेलो. मंदिराचे तोंड पश्चिमेला असल्याने सूर्य शिखरांच्या मागून वर येतो आणि डावीकडच्या तळ्यात पाचही शिखरांचे प्रतिबिंब पडते. ते दृश्य पाहायला तळ्याकाठी माणसांची भिंत उभी होती आणि आमच्या निम्म्या विद्यार्थ्यांना पुढच्या माणसांच्या हातातल्या मोबाइलच्या पडद्यांवरच सूर्योदय दिसला.

साडेसहाच्या सुमारास स्थानिक मार्गदर्शकाने सहज बोलावे तसे सांगितले की आज शीलाचा दिवस आहे, तेव्हा बाकान बंद आहे. आम्हाला हे ठाऊक असणारच असे त्याने गृहीत धरले होते. मी त्याला विशेष परवानगीबद्दल विचारले, आणि विचारतानाच आपण किती चुकीचे बोलत आहोत हे मला जाणवले. विद्यार्थी शिकायला आले आहेत म्हणून पवित्र दिवशी देवळाचा वरचा भाग उघडा, असे आपल्याकडे कोणी म्हणाले असते तर आपण काय उत्तर दिले असते? मार्गदर्शक सभ्यपणे हसला आणि त्याने विषय बदलला.

उरलेला दिवस खरोखर चांगला गेला, आणि म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. बाकानसाठी ठेवलेला दीड तास शिल्पपटांना मिळाला. पहिल्या ओवरीत शिरताच बहुतेक विद्यार्थी सवयीने डावीकडे वळले, म्हणजे मंदिर उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेच्या दिशेने चालू लागले. अंकोरवाटचे पट मात्र अपसव्य क्रमाने, मंदिर डाव्या हाताला ठेवून पाहायचे आहेत. पश्चिमेला तोंड असणे आणि हा उलटा क्रम, या दोन्हींचा संबंध अभ्यासक राजाच्या अंत्यस्मारकाशी जोडतात. उजवीकडे वळले की आधी कुरुक्षेत्र लागते. सुमारे ४९ मीटर लांबीच्या त्या पटात दोन्ही सैन्ये दोन टोकांकडून एकमेकांकडे चालून येतात, मध्यभागी गर्दी होत होत रणधुमाळी माजते, आणि एका बाजूला बाणांनी विंधलेले भीष्म दिसतात. दक्षिणेच्या ओवरीत आधी सूर्यवर्मनची मिरवणूक आणि मग यमराज, चित्रगुप्त व पापी लोकांचे हाल. चित्रगुप्त हे नाव मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकल्यावर मुले हसली, कारण एवढ्या लांब येऊन हिशेबनीस ओळखीचाच निघाला होता. त्यापुढे पूर्वेकडे समुद्रमंथन, ज्यात ८८ देव आणि ९२ असुर वासुकीची ओढाताण करतात आणि मध्ये कूर्माच्या पाठीवर मंदराचल आहे.

दगडकामाच्या गटाला तर दिवस अपुरा पडला. बाहेरच्या भिंती आणि पाया यांत वापरलेला दगड पाहून रत्नागिरीकडच्या एका विद्यार्थ्याने “सर, हा तर जांभा!” असे मोठ्याने म्हटले, आणि ते बरोबर होते. भार जांभ्यावर आणि नक्षी कुलेन डोंगरातून आणलेल्या वालुकाश्मावर, अशी तिथली विभागणी आहे. खरी कमान ख्मेर बांधकामात नाही. दोन्ही बाजूंचे दगड थरागणिक पुढे सरकवत वर एकमेकांना भिडवलेले असतात, म्हणून ओवऱ्या अरुंद राहतात, हे मुलांनी छताखाली हात पसरूनच समजून घेतले.

दुपारी आम्ही ता प्रोमला गेलो. भिंतींवर झाडांची मुळे पसरलेल्या त्या मंदिरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने जतनाचे काम केले आहे. याच विभागाने १९८६ ते १९९३ या काळात अंकोरवाटलाही काम केले होते आणि दगड स्वच्छ करण्याच्या त्याच्या पद्धतीवर तेव्हा टीकाही झाली होती. या दोन्ही गोष्टी मी विद्यार्थ्यांना सांगितल्या. परतताना रस्त्यालगतच्या एका बाईने आम्हाला केळे आणि खोबऱ्यासोबत कुटलेल्या नव्या तांदळाचे आंबोक दिले. या पौर्णिमेला चंद्राला वंदन करून ते खायची तिथली रीत आहे. आंबोक म्हणजे पोहेच, यावर पूर्ण बसमध्ये एकमत झाले.

संध्याकाळची बैठक

छेदाचे काम असलेले आठ जण मात्र दिवसभर गप्प होते. दुसऱ्या मजल्याच्या पटांगणातून त्यांनी बंद पायऱ्यांची रेखाटने केली, परंतु वरच्या चौकाची पातळी, मधल्या गाभाऱ्याचे चार दिशांचे तोंड आणि तिथून खाली दिसणारा पश्चिमेचा लांबलचक मार्ग यांच्याशिवाय छेद पूर्ण होत नव्हता. दुसऱ्या दिवशी परतीचे विमान दुपारी होते. नवा विमानतळ शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर असल्याने बस अकरा वाजता निघणार होती. याचा अर्थ सकाळचे चार-पाच तास हाताशी होते, पण तिकीट संपलेले होते. ज्याला पुन्हा जायचे त्याला आणखी ३७ डॉलर पडणार होते. दोन दिवसांचे मिळून ७४ होतात, म्हणजे नाकारलेल्या तीन दिवसांच्या तिकिटापेक्षा बारा डॉलर जास्त. हे गणित एका विद्यार्थिनीने मला तोंडी करून दाखवले आणि मी ते निमूटपणे ऐकून घेतले.

सर्वांनाच पुन्हा नेण्याचा खर्च दीड हजार डॉलरच्या वर जात होता, तेव्हा तो विचार लगेच मागे पडला. आठांपैकी एकाने सुचवले की ज्यांना परवडते त्यांनी स्वखर्चाने जावे आणि आपली रेखाटने इतरांना द्यावीत. हा तोडगा इतका सोयीचा होता की मी जवळजवळ होकार दिला होता. तेवढ्यात मागे बसलेला एक जण म्हणाला, “सर, मला छेदाच्या ऐवजी शिल्पपटांच्या गटात घ्या. मला ते जास्त आवडलं.” मी त्याच्या वहीत पाहिले. तिच्यात दिवसभरात एकही शिल्प काढलेले नव्हते, सगळी पाने पायऱ्यांनी भरलेली होती. सोबतच्या मॅडम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “तो विषय बदलून मागत नाहीये, पैसे नाहीत हे सांगतोय.” नंतर समजले की अशी अडचण आणखी एका विद्यार्थिनीची होती.

त्यानंतर मार्ग दोनच उरले. आठही जणांनी जावे किंवा एकानेही जाऊ नये. सहलीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडून आकस्मिक निधी म्हणून १५०० रुपये घेतले होते आणि त्यातले ६०० डॉलर माझ्याजवळ होते. आम्ही तिघा शिक्षकांनी मिळून ठरवले की आठांची तिकिटे, म्हणजे २९६ डॉलर, त्या निधीतून द्यायची. माझे तिकीट आणि जाण्या-येण्याचे भाडे मी द्यायचे. हा निर्णय रात्री साडेनऊला घेतला आणि उरलेल्या तीस विद्यार्थ्यांना सकाळी नाश्त्याच्या वेळी कळला. या प्रकरणातली दुसरी चूक हीच, आणि ती पहिलीपेक्षा अधिक टाळण्यासारखी होती. सर्वजण त्याच हॉटेलमध्ये होते आणि त्यांना बोलावून विचारायला पंधरा मिनिटे पुरली असती. मी ती टाळली, कारण कोणी नाही म्हणाले तर काय करायचे याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

सकाळचा वृत्तांत थोडक्यात असा. पाच वाजता आम्ही तीन टुकटुक करून तिकीट केंद्र गाठले. माझ्याजवळच्या डॉलरपैकी एका नोटेची कडा किंचित फाटली होती. अशा नोटा त्या देशात सहसा कोणी घेत नाही, म्हणून मला ती बदलावी लागली. उत्सवामुळे बाकानखालची रांग लांब होती. एका विद्यार्थिनीने बिनबाह्यांच्या कुडत्यावर ओढणी लपेटली होती, ती रखवालदाराला चालली नाही, आणि तिने जवळच्या टपरीवरून टी-शर्ट विकत घेतला. सगळे मिळून वर जेमतेम पंधरा-वीस मिनिटे मिळाली. पावणेअकराला आम्ही हॉटेलवर होतो.

परतल्यावर

ठाण्याला पोहोचण्याआधीच पालकांच्या व्हॉट्सॲप गटात वाद सुरू झाला होता. आक्षेप असा की निधी सर्वांचा असताना तो आठ जणांवर खर्च झाला. विद्यार्थ्यामागे हिशेब केला तर रक्कम साडेसहाशे रुपयांच्या आसपास येत होती, पण आक्षेप रकमेबद्दल नव्हता आणि रकमेकडे बोट दाखवून तो उडवून लावणे अन्यायाचे झाले असते. निधीच्या संमतिपत्रात ‘आजारपण, प्रवासातील अडथळे व तातडीची गरज’ असे शब्द होते. बंद बाकान या तिघांपैकी कशात बसते? आमच्या एका सहकाऱ्यांनी ते ‘प्रवासातील अडथळे’ यात बसवायचा प्रयत्न केला. मला तो वकिली वाटला. अडथळा वाटेत आला नव्हता, तो आमच्याच वेळापत्रकात होता, आणि शिक्षकांच्या निष्काळजीपणाची किंमत विद्यार्थ्यांच्या निधीने भरावी याला आधार नव्हता. दुसरीकडे, आठ विद्यार्थ्यांना महाविद्यालयानेच दिलेले काम महाविद्यालयाच्याच चुकीने अपुरे राहत होते, त्यामुळे ते पूर्ण करण्याची जबाबदारीही महाविद्यालयाचीच होती. म्हणून समितीपुढे मी अशी भूमिका घेतली की खर्च योग्य होता, पण पैसा चुकीच्या पिशवीतून गेला. समितीने २९६ डॉलरची रक्कम महाविद्यालयाच्या खात्यातून निधीत परत भरली आणि शिल्लक सर्वांना समान वाटली.

सहल कंपनीकडे भरपाई मागावी असाही एक सूर होता. कंपनीने उत्तर दिले की कार्यक्रम महाविद्यालयाने मंजूर केला होता आणि सणाची सूचना लेखी दिली होती. हे खरे होते. कंपनीने तारखेसमोर सण लिहिला, पण त्याचा परिणाम लिहिला नाही, ही तिची उणीव म्हणता येईल. ती माझ्या उणिवेपेक्षा मोठी मात्र खचितच नव्हती, आणि मी समितीला तसे लिहून दिले.

सहलीच्या नमुना पत्रकात आता वेळ, ठिकाण आणि खर्च यांच्याजोडीला ‘त्या ठिकाणचा दिवस’ असा रकाना आला आहे. त्यात सण, सुट्टी, साप्ताहिक बंद आणि धार्मिक दिवस लिहायचे, आणि पैसे भरण्याआधी स्थानिक मार्गदर्शकाकडून ते तपासून घ्यायचे. आकस्मिक निधीच्या संमतिपत्रात खर्चाचा निर्णय सर्व विद्यार्थ्यांसमोर जाहीर करण्याची अट घातली आहे. पहिल्या बदलाला कोणाची हरकत नव्हती. दुसऱ्याबद्दल सहकाऱ्यांमध्ये अजून मतभेद आहेत, कारण चाळीस जणांसमोर पैशाची चर्चा करायची म्हटली की ज्याच्याकडे पैसे नाहीत तो पुन्हा विषय बदलून मागेल, अशी मॅडमना भीती वाटते. या शंकेला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही.

दोन्ही छेद सत्राच्या शेवटी शेजारी शेजारी लावले गेले, डावीकडे अंबरनाथ आणि उजवीकडे अंकोरवाट, दोन्हींचे प्रमाण एकच. अंकोरच्या वरच्या चौकातला ईशान्येचा कोपरा तुटक रेषांनी दाखवला आहे, कारण तिथपर्यंत पोहोचायच्या आत वेळ संपली. ज्याने गट बदलून मागितला होता, त्यानेच तो कागद पूर्ण केला. खालच्या चौकटीत दिनांकाशेजारी त्याने ‘कार्तिक वद्य प्रतिपदा’ असेही लिहिले होते. परीक्षकांनी ते अनावश्यक म्हणून खोडायला सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मी ते तसेच राहू द्यायला सांगितले.